चंचल मनाची कैफियत

१९०६ साली दोन गोष्टी एकदम घडल्या. जुन्या खानदेश जिल्ह्याची वाटणी होऊन नंदुरबार, तळोदे, शहादे हा मुलूख पश्चिम खानदेश या नव्या जिल्ह्यात गेला. आणि त्याच वर्षाच्या पहिल्या जानेवारीपासून सरकारने सबंध हिंदुस्थानास एक प्रमाणवेळ लावून दिली. मुंबईकरांनी ही वेळ मानण्याचे नाकारले व आपली 'मुंबई वेळ' पुढे जवळजवळ अर्धशतक जपली, हा भाग निराळा. नंदुरबारास असा हट्ट परवडण्याजोगा नव्हता. ताप्ती खोऱ्यातील आगगाडी तेथे काही वर्षे आधीच येऊन पोहोचली होती, आणि गाडी कोणाच्या हट्टासाठी थांबत नसते.

उत्तरेकडे सातपुड्याच्या रांगांत, अक्राणीच्या डोंगरवस्त्यांत, काळ मोजण्याची रीत वेगळी होती. मोहाची फुले गळू लागली, होळी जवळ आली, आठवड्याचा बाजार भरला, म्हणजे दिवस कळत. खाली सपाटीवर मात्र स्टेशनचे घड्याळ, कचेरीची वेळ आणि शाळेची घंटा यांचे राज्य सुरू झाले. या राज्यात माणसाचा एक नवा गुण मोलाचा ठरला. एका जागी बसावे, सांगितलेल्या कामावर चित्त ठेवावे, ते ठरल्या वेळी संपवावे, हा तो गुण. ज्याच्या अंगी तो उपजत होता त्याची वाट सोपी झाली. ज्याच्या अंगी नव्हता त्याच्या वाट्यास आळशी, धांदरट, बेफिकीर अशी विशेषणे आली, आणि ती बहुधा जन्मभर पुरली.

या दुसऱ्या प्रकारच्या मनुष्यास आजचे वैद्यक एक नाव देते. अवधानाची न्यूनता व अतिचंचलता असा त्याचा अर्थ असून, ए. डी. एच. डी. या आद्याक्षरांनी ते सर्वत्र ओळखले जाते. हा विकार लहान मुलांचा, अशी समजूत आजही सुशिक्षित घरांत आढळते. परंतु मूल मोठे होते, त्यास नोकरी लागते, त्याचे लग्न होते, आणि चंचलता पुष्कळदा त्याच्याबरोबर संसारात येते. प्रौढपणी ती धावण्या-उड्या मारण्याच्या रूपाने दिसत नाही. विजेचे बिल भरावयास पैसे असून ते वेळेवर भरले जात नाही. किल्ल्या, चष्मा, कागदपत्रे यांचा शोध नित्याचा होतो. दहा कामे आरंभली जातात आणि नऊ अर्धवट पडतात. बोलणाऱ्याचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच उत्तर तोंडातून निसटते. उलट, एखादा विषय मनास धरला की हाच मनुष्य तहानभूक विसरून त्यात रात्र काढतो, आणि मग घरची माणसे म्हणतात, "मनात असले म्हणजे बरे जमते!" हे वाक्य त्यास सर्वांत जास्त लागते. कारण ते अर्धे खरे असते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यांनी या स्थितीचे मर्म असे सांगितले आहे की, काय करावे हे अशा मनुष्यास ठाऊक नसते असे नाही. ठाऊक असलेले योग्य क्षणी हातून घडत नाही. मेंदूचा जो भाग उद्याच्या लाभासाठी आजची ओढ आवरून धरतो, त्याचा कारभार येथे शिथिल असतो. डोपामीन व नॉरॲड्रिनलीन या द्रव्यांचा त्याच्याशी निकट संबंध आहे. दूरची मुदत मनास जाणवतच नाही. ती उद्यावर आली म्हणजे एकदम अंगावर येते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के धरला जातो, म्हणजे उंचीच्या जवळपास. उंचीबद्दल कोणी कोणास रागावत नाही.

हा कारभार वैद्यांच्या लक्षात कसा आला, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. १७७५ साली मेल्खिओर आडाम वाइकार्ड या जर्मन वैद्याने अवधानाच्या अभावावर एक प्रकरण लिहिले. त्याने सांगितलेले उपाय आज वाचताना हसू येते: आंबट दूध, थंड पाण्याची स्नाने, पोलादाची पूड, घोड्यावरची रपेट. परंतु या सर्वांत रपेटीचा सल्ला अगदीच वेडगळ नव्हता. व्यायामाने चित्त काही काळ स्थिर होते, हे आजचे वैद्यकही मानते. त्यानंतर १७९८ मध्ये अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्याने आपल्या मनोविकारावरील ग्रंथात याच स्थितीचे वर्णन केले. दार आपटले, मेज सरकले, उजेड थोडा अधिक झाला, की अशा मनुष्याचे चित्त विचलित होते, असे त्याने लिहिले. पुढे जाऊन त्याने शिक्षकांनाही साक्षीस बोलाविले. लॅटिन-ग्रीक व्याकरणाच्या रुक्षपणाने काही मुलांचे मन असे उडून जाते की छडीचा धाकही ते परत आणू शकत नाही, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिले असेल, असे तो म्हणतो. छडीने हा प्रश्न सुटत नाही, ही गोष्ट सव्वादोनशे वर्षांपूर्वी छापून निघाली होती. शाळांपर्यंत ती पोहोचण्यास इतका अवधी का लागावा, हे शाळाच जाणोत. वाइकार्ड व क्राइटन हे दोघेही पुढे रशियाच्या राजदरबारी वैद्य झाले, हा एक चमत्कारिक योगायोग.

फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइन्रिख हॉफमान यांनी आपल्या लहान मुलासाठी तयार केलेले चित्रपुस्तक १८४५ साली प्रसिद्ध झाले. त्यात लौकरच भर पडलेल्या एका गोष्टीत फिलिप नावाचा चुळबुळ्या मुलगा जेवणाच्या मेजावर स्वस्थ बसत नाही आणि अखेर मेजावरच्या कापडासकट सर्व ताटवाट्या घेऊन खाली कोसळतो. गोष्ट विनोदी आहे. पण तीत आईबापांचे चेहरे पाहिले म्हणजे विनोद ओसरतो. मुलाचा स्वभाव हा घराच्या अब्रूचा प्रश्न झालेला तेथे दिसतो.

अब्रूची व नीतीची हीच भाषा १९०२ साली शास्त्राच्या व्यासपीठावर चढली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये त्या वर्षी जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या बालरोगतज्ज्ञाने व्याख्याने दिली आणि ४३ मुलांची हकीकत सांगितली. यांतील कित्येक मुले बुद्धीने कमी नव्हती, तरी त्यांना स्वतःस आवरता येत नव्हते. स्टिलने या स्थितीस 'नैतिक नियंत्रणाचा दोष' म्हटले. त्याचा हेतू मुलांना दोषी ठरविण्याचा नव्हता. उलट, याच्या मुळाशी शरीरातील काही कारण असावे असे तो मानीत होता. तथापि शब्द हा शब्दच असतो. नीती आणि नियंत्रण हे दोन शब्द एकदा जोडले गेले, आणि चंचल मनुष्यावरील जुना आरोप वैद्यकाच्या पोशाखात पुन्हा उभा राहिला.

या आरोपास पहिला धक्का दिला तो एका अनपेक्षित घटनेने. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे मुलांच्या एका रुग्णालयात डॉ. चार्ल्स ब्रॅडली काम करीत. मेंदूच्या तपासणीनंतर मुलांचे डोके दुखे, त्यावर उतार पडावा म्हणून त्यांनी बेंझेड्रीन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी गेली नाही, पण शिक्षक सांगू लागले की मुले अभ्यास करू लागली आहेत. १९३७ साली त्यांनी ३० मुलांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतील १४ मुलांची शाळेतील प्रगती डोळ्यांत भरण्याजोगी होती. मुलांनी स्वतःच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणावयास सुरुवात केली. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत व्हावे, ही गोष्ट तर्कास विपरीत वाटते. परंतु ते औषध मुलास उत्तेजित करीत नसून, आवर घालणाऱ्या मेंदूच्या कारभाऱ्यास जागे करीत होते, असा उलगडा पुढे झाला. जे दोन घटकांत गोळीने बदलते त्यास शीलाचा दोष कसे म्हणावे? १९४४ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीतील लेआन्द्रो पानिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञाने मेथिलफेनिडेट तयार केले आणि आपल्या पत्नीच्या नावावरून त्यास रिटालिन हे नाव मिळाले. तेच औषध आजही मुख्यत्वे वापरले जाते. भारतात ते १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत असल्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नाही, आणि तसे मिळूही नये.

तरीही प्रौढ मनुष्य या सर्व हकीकतीत कोठेच नव्हता. मूल वयात आले म्हणजे चंचलता आपोआप मावळते, असा सर्वांचा ग्रह होता. क्राइटननेही तसेच लिहिले होते. १९६८ च्या अमेरिकन वर्गीकरणात तर या विकाराचे नावच बालपणाशी जोडलेले होते. हा ग्रह दोन ठिकाणी मोडला. कॅनडात मॉन्ट्रियल येथे गॅब्रिएल वाइस व लिली हेक्टमन या दोन स्त्री-डॉक्टरांनी चंचल मुलांचा पाठपुरावा ती मोठी होईपर्यंत केला आणि १९८६ साली तो ग्रंथरूपाने मांडला. पुष्कळांच्या बाबतीत लक्षणे गेली नव्हती, केवळ त्यांनी वेष पालटला होता. दुसरे ठिकाण म्हणजे यूटा विद्यापीठ. तेथे पॉल वेंडर व त्यांचे सहकारी यांनी १९७६ सालीच प्रौढांतील या स्थितीचे निदान व उपचार यांवर निबंध प्रसिद्ध केला होता.

वेंडर यांच्या कामाचे विशेष महत्त्व असे की, त्यांनी प्रौढांची लक्षणे मांडताना केवळ विस्मरण व अव्यवस्था यांवर समाधान मानले नाही. भडकणारा व लगेच विझणारा राग, दिवसात अनेकदा चढणारे-उतरणारे चित्त, साध्या अडचणीने ओसंडून जाणे, यांस त्यांनी मुख्य लक्षणांत बसविले. १९८० च्या अमेरिकन सूचीत अवधानास प्रथमच नावात स्थान मिळाले, १९८७ साली आजचे नाव आले, परंतु भावनांना मुख्य लक्षणांत जागा मिळाली नाही. जे मोजता येते ते ठेवावे, असा त्या काळचा कल होता. २०१३ च्या सूचीने प्रौढांसाठी अटी थोड्या सैल केल्या: सहांऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली, आणि ती सातव्याऐवजी बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत असे ठरविले. भावना तेव्हाही मुख्य यादीबाहेरच राहिल्या. ही मोठीच उणीव म्हटली पाहिजे. कारण अशा स्त्रीपुरुषांना विचारले, तर ते किल्ल्या हरवल्याचे दुःख सांगत नाहीत. किल्ल्या हरवल्यावर स्वतःची वाटणारी घृणा सांगतात. त्यातही स्त्रियांची स्थिती अधिक बिकट. मुलींची चंचलता बहुधा उड्या मारीत नाही, ती खिडकीबाहेर पाहत बसते; म्हणून शाळेत ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि पुढे ज्या घरात सर्वांच्या वेळा व वस्तू सांभाळणे हे तिचेच काम मानले जाते, तेथे ती उघडी पडते.

ही आत्मघृणा कशी निवावी? महाराष्ट्रास या प्रश्नाचा विचार नवा नाही. मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे, ही अर्जुनाची तक्रार ज्ञानेश्वरीमुळे १२९० पासून मराठीत नांदत आहे. खानदेशच्याच बहिणाबाई चौधरींनी, ज्यांना लिहितावाचता येत नव्हते, मनास पिकात पुनःपुन्हा शिरणाऱ्या मोकाट गुराची उपमा दिली. परंतु या प्रश्नी सर्वांत व्यवहारी पुरुष म्हणजे समर्थ रामदास. मनास उद्देशून त्यांनी २०५ श्लोक रचले, आणि त्यांत ते मनास सज्जन म्हणून हाक मारतात. उपदेश पुष्कळ कडक आहे. पण हाक आदराची आहे. ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ते श्लोक म्हणणाऱ्या घरांतही फारशी कोणाच्या ध्यानी आलेली दिसत नाही. मुलांकडून श्लोक पाठ करून घ्यावयाचे आणि चुकले की गाढव म्हणावयाचे, असा क्रम असे.

हाच विचार विसाव्या शतकात निराळ्या वाटेने पुन्हा महाराष्ट्रात आला. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धती मांडली. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली व मराठी वाचकांपर्यंत आणली. १९९० साली ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी संस्था उभारणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनीही तिचा मोठा प्रसार केला. या पद्धतीचा एक कणा असा: कृती चुकली असे म्हणावे, पण करणारा मनुष्यच टाकाऊ असे म्हणू नये. "मी बिल भरावयास विसरलो" हे विधान खरे आहे. "मी नालायक आहे" हे खरेही नाही आणि उपयोगीही नाही, कारण नालायक मनुष्याने बिल भरण्याची तजवीज तरी कशासाठी करावी? पहिल्या विधानातून मात्र पुढची पायरी निघते. ही पद्धती ए. डी. एच. डी. साठी जन्मलेली नव्हती, तरी ज्या जखमेवर ती फुंकर घालते ती जखम तीच आहे.

आता पुढची पायरी. ती निश्चयाची नसून तजविजीची असते. बोस्टनचे स्टीव्हन सॅफ्रेन व त्यांचे सहकारी यांनी २०१० साली ८६ प्रौढांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. औषधे घेऊनही ज्यांची लक्षणे पुरती गेली नव्हती अशी ती माणसे होती. अर्ध्यांना शिथिलीकरण व माहिती मिळाली, अर्ध्यांना १२ बैठकांत कौशल्ये शिकविली गेली, आणि ज्यांनी कौशल्ये शिकली त्यांस लाभ अधिक झाला. ही कौशल्ये कोणती? एकच वही व एकच दिनदर्शिका ठेवणे; मोठ्या कामाचे इतके बारीक तुकडे करणे की पहिला तुकडा भीतिदायक वाटू नये; घड्याळाचा गजर लावून तेवढाच वेळ बसणे; मध्येच दुसरा विचार आला तर त्यामागे न धावता तो कागदावर टिपून ठेवणे; आणि स्वतःशी चाललेले कठोर भाषण तपासणे. एखाद्या चोख गृहिणीस यांत नवे काही वाटणार नाही. नवे आहे ते एवढेच की, जे इतरांच्या मनात आपोआप चालते ते येथे मनाबाहेर, कागदावर आणि गजरात, मांडून ठेवावे लागते. चष्मा लावणाऱ्यास कोणी डोळ्यांवर निश्चय कर म्हणत नाही. या यादीत वही व गजर यांच्या जोडीस आणखी एक जुने साधन घालावयास हवे, ते म्हणजे सोबत. दुसरा मनुष्य नुसता शेजारी बसून आपले काम करीत असला तरी पुष्कळ चंचल माणसांचे काम पुढे सरकते, असा त्यांचा अनुभव आहे.

सोबतीच्या या बळाचा एक दाखला पश्चिम खानदेशच्याच इतिहासात आहे. तो अवधानाच्या विकाराचा नव्हे, हे प्रथमच सांगितले पाहिजे; परंतु माणसे स्वतःस कशी बदलतात याचा तो निश्चित आहे. १९३० नंतरच्या दशकात तळोदे तालुक्यातील मोरवड गावी गुलाम महाराज नावाचे आदिवासी सत्पुरुष उदयास आले. दारू सोडा, स्नान करा, स्वच्छ राहा, असा त्यांचा उपदेश होता. असा उपदेश सरकारी अंमलदारांनी व सुधारकांनी पूर्वीही केला होता. गुलाम महाराजांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, त्यांनी लोकांना आरतीसाठी एकत्र जमविले; निश्चय घरी एकट्याने पाळावयाचा नव्हता. दुसरी, त्यांनी आपल्या अनुयायांना एकमेकांस 'आप' म्हणावयास शिकविले. ज्यांस सावकार व शिपाई अरेतुरेवाचून कधी बोलले नव्हते, ते एकमेकांस आदरार्थी बोलू लागले, आणि या पंथास आपचे नाव पडले. १९३८ साली गुलाम महाराज निवर्तले, त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे चालविले. आधी आदराची हाक आणि मग सर्वांनी मिळून पाळावयाचा नेम, हा क्रम समर्थांच्या श्लोकांतील हाकेशी जुळतो, तो कोणी ठरवून जुळविलेला नाही.

येथे एका मोहापासून सावध राहणे बरे. डोंगरात घड्याळ नव्हते म्हणून तेथे चंचल मनुष्य सुखी होता, असे चित्र रंगविणे सोपे आहे. केनियातील आरिआल या पशुपालक लोकांवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चंचलतेशी ज्याचा संबंध सांगितला जातो असा डोपामीन-ग्राहकाचा एक जनुकप्रकार ज्यांच्यात होता, ते भटके राहिलेल्यांत अधिक पोसलेले, तर स्थायिक झालेल्यांत कमी पोसलेले आढळले. अभ्यास लहान आहे, आणि एका जनुकावर मनुष्याचे दैव ठरत नाही. परंतु परिस्थिती बदलली की त्याच स्वभावाचे मोल बदलते, एवढा विचार त्यातून सुचतो. सातपुड्यातील जीवनही सोपे नव्हते. तेथे चूक झाली तर बिलाचा दंड नव्हे, पीक जात असे.

शाळांच्या बाबतीत महाराष्ट्राने एक पाऊल इतरांच्या आधी टाकले. वाचन, लेखन किंवा गणित यांची विशिष्ट अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देण्याचे राज्य शासनाने १९९६ साली मान्य केले. यांतील कित्येक मुलांस अवधानाचा विकारही असतो, त्यामुळे तपासणीच्या निमित्ताने तोही उघडकीस येऊ लागला. आज चाळिशी-पन्नाशीत असलेले पुष्कळ पालक मुलाच्या तपासणीस जातात, डॉक्टरांचे प्रश्न ऐकतात आणि प्रत्येक प्रश्नास मनातल्या मनात स्वतःचे उत्तर देऊन परततात. जगभरच्या पाहण्यांवरून प्रौढांत हे प्रमाण शेकडा अडीच ते तीनच्या आसपास मानले जाते. त्या हिशेबाने नंदुरबारच्या मिरचीबाजारात, कचेऱ्यांत आणि शिक्षकांच्या खोल्यांतही अशी माणसे असली पाहिजेत, आणि बहुतेकांस त्याचे नाव कोणी सांगितलेले नसेल.

नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला, आणि २०२० साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी केला असता मराठीतही समुपदेशकाशी विनामूल्य बोलता येते, म्हणजे धडगावच्या मनुष्यास पहिल्या चौकशीसाठी तरी घाट उतरावा लागत नाही. कायद्याची गोष्ट मात्र मागे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे, अवधानाच्या विकाराचे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे कचेरीत शांत कोपरा, लेखी सूचना किंवा थोडी सैल वेळ मागावयाची झाली, तर आजही ती वरिष्ठांच्या समजूतदारपणावर सोपवावी लागते.